‘अँटी-व्हॅक्सर’ : एका अनौपचारिक संज्ञेचा अर्थ, इतिहास आणि व्यवहार

गोषवारा

लसीकरणास विरोध करणाऱ्या व्यक्तीसाठी इंग्रजी बोलीत रूढ झालेली ‘अँटी-व्हॅक्सर’ ही संज्ञा कोरोना महासाथीच्या काळात मराठी वृत्तपत्रीय लेखनात आणि सुशिक्षितांच्या संभाषणातही शिरली. प्रस्तुत लेखात या संज्ञेची घडण, तिची एकोणिसाव्या शतकातील पूर्वपीठिका, कोशांनी नोंदविलेला अर्थ आणि प्रत्यक्ष व्यवहारात झालेला तिचा अर्थविस्तार यांचा परामर्श घेतला आहे. एकाच संज्ञेखाली परस्परांहून भिन्न अशा किमान पाच भूमिका गोळा झाल्या असून त्यामुळे लसीकरणाच्या प्रश्नाचे निदान आणि त्यावरील उपाय या दोहोंत गल्लत होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. अखेरीस मराठीसाठी काही पर्यायी संज्ञा आणि त्यांच्या वापराच्या कसोट्या सुचविल्या आहेत.

बीजशब्द : लसीकरण, लसविरोध, सक्तीविरोध, लससाशंकता, अर्थविस्तार, परिभाषा.

१. प्रस्तावना

एखाद्या मताला नाव देणे आणि ते मत बाळगणाऱ्या माणसाला नाव देणे या दोन वेगळ्या कृती आहेत. मताला दिलेले नाव वादाचा विषय निश्चित करते, तर माणसाला दिलेले नाव त्याची ओळख निश्चित करते. पहिल्या कृतीत मत बदलण्यास वाव राहतो. दुसऱ्या कृतीत मत बदलावयाचे तर माणसाला स्वतःची ओळखच सोडावी लागते. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही. बालकाला लस मिळते की नाही, हे त्याच्या आईवडिलांशी कोणत्या भाषेत बोलले जाते यावर पुष्कळदा अवलंबून असते.

‘अँटी-व्हॅक्सर’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. ती वैद्यकीय परिभाषेतून आलेली नाही, कायद्यातही आढळत नाही. बोलीभाषेतून ती वृत्तपत्रांत, तेथून कोशांत आणि पुढे विद्वच्चर्चेतही आली. अनौपचारिक शब्द जेव्हा वर्गीकरणाचे काम करू लागतो तेव्हा त्याची व्याप्ती कोणी ठरविली, त्यात कोण येतो आणि कोण येत नाही, हे प्रश्न उपस्थित होणे अपरिहार्य ठरते.

२. शब्दाची घडण

‘व्हॅक्सिन’ या शब्दाच्या मुळाशी गाय आहे. लॅटिन भाषेत गाईला ‘वाक्का’ म्हणतात. एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्याने १४ मे १७९६ रोजी गाईच्या कासेवर येणाऱ्या सौम्य देवीतील द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला आणि त्यामुळे मानवी देवीपासून संरक्षण मिळते असे दाखवून दिले. १७९८ मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रारंभी ‘व्हॅक्सिनेशन’ म्हणजे केवळ गाईच्या देवीची टोचणी, एवढाच अर्थ होता. जेन्नरच्या सन्मानार्थ हाच शब्द अन्य रोगांवरील प्रतिबंधक टोचणीसाठीही वापरावा, असे लुई पाश्चरने १८८१ मध्ये सुचविले आणि त्याचा आजचा व्यापक अर्थ रूढ झाला.

इंग्रजीत या लांब शब्दाचे ‘व्हॅक्स’ हे लघुरूप झाले, त्यामागे ‘अँटी’ हा विरोधवाचक उपसर्ग लागला आणि पुढे कर्तृवाचक प्रत्यय जोडला गेला. या शेवटच्या प्रत्ययाचे कार्य लक्षणीय आहे. इंग्रजीत तो क्रिया करणाऱ्याला ती क्रिया हा जणू त्याचा धंदा किंवा स्वभाव असल्याप्रमाणे नाव देतो. मराठीत ‘-वाला’, ‘-खोर’, ‘-बाज’ हे प्रत्यय असेच काम करतात. ‘त्याने भांडण केले’ आणि ‘तो भांडखोर आहे’ या दोन विधानांत जे अंतर आहे, तेच ‘त्याने लस नाकारली’ आणि ‘तो अँटी-व्हॅक्सर आहे’ या विधानांत आहे. पहिल्या विधानात एक घटना आहे, दुसऱ्यात स्वभावाचा निर्वाळा आहे.

लघुरूपामुळे शब्दाला बोलीचा, काहीसा हिणवणारा सूरही प्राप्त झाला. २०२१ मध्ये ‘व्हॅक्स’ या लघुरूपाची ऑक्सफर्डच्या कोशकारांनी वर्षाचा शब्द म्हणून निवड केली. त्याच वर्षी मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशाने ‘व्हॅक्सिन’ या पूर्णरूपाची निवड केली. एकाच वर्षी दोन प्रमुख कोशसंस्थांनी एकाच शब्दकुलाकडे वळावे, यावरून त्या काळात ही चर्चा किती सार्वत्रिक झाली होती हे ध्यानात येते.

मराठीची स्थिती वेगळी आहे. मराठीत ‘लस’ हा शब्द जखमेतून किंवा पुटकुळीतून पाझरणाऱ्या पातळ द्रवासाठी पूर्वीपासून होता. जेन्नरच्या पद्धतीत प्रत्यक्ष टोचला जाणारा पदार्थ तोच असल्याने शब्द नेमका बसला. तथापि जुन्या पिढीच्या बोलण्यातील शब्दप्रयोग ‘देवी काढणे’ असा होता. रोगही देवी, रोगाची अधिष्ठात्रीही देवी आणि प्रतिबंधक टोचणीही देवीच. या भाषिक व्यवस्थेत टोचणी टाळणारा माणूस होता, पण त्याला स्वतंत्र नाव नव्हते. ‘त्यांनी देवी काढू दिल्या नाहीत’ असे म्हटले जाई. क्रियापदाने भागत असल्यामुळे नामाची गरज पडली नाही.

३. ऐतिहासिक पूर्वपीठिका

लसीइतकाच लसविरोध जुना आहे आणि त्याला नाव देण्याची रीतही जवळजवळ तितकीच जुनी आहे. १८०२ मध्ये जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने टोचणी घेतलेल्या माणसांच्या अंगांतून गाई उगवत असल्याचे चित्र प्रसिद्ध केले. १८१२ मधील एका पत्रात स्वतः जेन्नरने आपल्यावर वृत्तपत्रांतून तुटून पडलेल्या टीकाकारांचा उल्लेख ‘अँटी-व्हॅक्स’ अशा लघुरूपाने केला आहे. म्हणजे एकविसाव्या शतकातील वाटणाऱ्या या संज्ञेचे बीज दोनशे वर्षांपूर्वीच्या खासगी पत्रव्यवहारात सापडते, आणि तेथेही ते प्रतिपक्षाला उद्देशून वापरलेले आहे.

विरोधाला चळवळीचे स्वरूप आले ते मात्र सक्तीच्या कायद्यांमुळे. इंग्लंडमध्ये १८४० च्या कायद्याने देवीची लस गरिबांना विनामूल्य उपलब्ध करून दिली. १८५३ च्या कायद्याने अर्भकांना ती सक्तीची केली. १८६७ च्या कायद्याने नकार देणाऱ्या पालकांना पुनःपुन्हा दंड करण्याची तरतूद केली. दंड भरू न शकणाऱ्या कष्टकऱ्यांच्या घरातील चीजवस्तू जप्त होऊ लागल्या, काहींना तुरुंगवास घडला. मार्च १८८५ मध्ये लेस्टर येथे सक्तीच्या विरोधात प्रचंड मिरवणूक निघाली. या शहराने सरसकट लसीकरणाऐवजी रोग्याची तत्काळ नोंद, विलगीकरण आणि संपर्कात आलेल्यांवर देखरेख ही पद्धत अंगीकारली होती.

त्या काळातील आक्षेप सर्वस्वी निराधार होते असे म्हणता येत नाही. एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस काढून ती दुसऱ्याला टोचण्याच्या पद्धतीमुळे उपदंशासारखा रोग संक्रमित होण्याचा धोका खरोखरच होता. १८८९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने सात वर्षे साक्षीपुरावे तपासले. लस देवीपासून संरक्षण देते हे त्याने मान्य केले, मात्र पुनःपुन्हा दंड करण्याची पद्धत रद्द करावी अशी शिफारस केली. त्यानुसार १८९८ च्या कायद्याने दंडावरून दंडावर लस टोचणे बंद केले आणि सद्सद्विवेकाच्या आधारे आक्षेप घेणाऱ्या पालकांना सूट दिली. ‘विवेकाधिष्ठित आक्षेपक’ ही कल्पना इंग्रजी कायद्यात या मार्गाने स्थिरावली. पुढे १९१६ च्या सक्तीच्या लष्करभरतीच्या वेळी युद्धात भाग घेण्यास नकार देणाऱ्यांना हेच नाव मिळाले. एकाच वादातून दोन नावे निघाली. त्यांपैकी एक नाव तत्त्वनिष्ठेचे निदर्शक ठरले, तर दुसरे अडाणीपणाचे.

आणखी एक बाब नोंदविण्याजोगी आहे. १८७९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या संस्थेने आणि १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये आकारास आलेल्या राष्ट्रीय संघाने आपल्या नावातच ‘लसविरोधी’ हे विशेषण धारण केले होते. उत्क्रांतिवादाचा सहप्रवर्तक आल्फ्रेड रसेल वॉलेस आणि नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांसारख्यांना या पक्षात असण्याचा संकोच वाटला नाही. महात्मा गांधींनीही १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधील आरोग्यविषयक गुजराती लेखमालेत देवीच्या लसीला विरोध दर्शविला होता. वैद्यकीय पुराव्याच्या कसोटीवर या सर्वांची भूमिका टिकली नाही. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी रोगाच्या समूळ उच्चाटनाची घोषणा केली, ती लसीच्याच बळावर. तथापि एकोणिसाव्या शतकात विरोधक हे नाव स्वतः मिरवीत असत आणि एकविसाव्या शतकात तेच नाव नाकारतात, हा फरक संज्ञेच्या अर्थात झालेल्या बदलाचा निदर्शक आहे.

४. आधुनिक अर्थ आणि कोशगत व्याख्या

संज्ञेला आजचा अवमानसूचक अर्थ येण्यामागे एक प्रकरण विशेष कारणीभूत ठरले. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड व सहकाऱ्यांचा अवघ्या १२ मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध झाला. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या संयुक्त लसीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, अशी शंका त्यातून पसरली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या असता असा संबंध आढळला नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये नियतकालिकाने मूळ निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून वगळण्यात आले. पुरावा कोसळल्यानंतरही प्रचार चालूच राहिला. अशा प्रचारकांसाठी एका शब्दाची निकड भासली आणि ‘अँटी-व्हॅक्सर’ हा शब्द त्या जागी स्थिर झाला. या मर्यादित अर्थाने तो उपयुक्त होता. त्यात पुराव्याकडे पाठ फिरविण्याचा ठपका अंतर्भूत होता, आणि तो गैरलागू नव्हता.

मेरियम-वेब्स्टर कोशाने २०१८ मध्ये या शब्दाची नोंद केली. लसीकरणास किंवा लसीकरण सक्तीचे करणाऱ्या कायद्यांस विरोध करणारी व्यक्ती, असा त्या व्याख्येचा आशय होता. २०२१ मध्ये सक्तीचा वाद पेटल्यावर या व्याख्येतील ‘किंवा’ या अव्ययाकडे अनेकांचे लक्ष गेले. स्वतः लस घेतलेली, मुलांनाही सर्व लसी दिलेली, परंतु शासनाने सक्ती करू नये असे मानणारी व्यक्ती या व्याख्येनुसार लसविरोधक ठरते काय, असा प्रश्न विचारला गेला. कोशाने ही व्याख्या मुद्दाम बदलून रुंद केली, असाही आरोप झाला. वस्तुतः तो भाग २०१८ च्या मूळ नोंदीतच होता. कोशकाराचे काम प्रचलित वापर नोंदविण्याचे असते, त्यामुळे दोष कोशापेक्षा वापरातील सैलपणाचा होता. त्या ‘किंवा’ने दोन स्वतंत्र प्रश्न एका शब्दात बांधले गेले होते. लस परिणामकारक व सुरक्षित आहे काय, हा वैद्यकशास्त्राचा प्रश्न आहे. ती सक्तीची असावी काय, हा राज्यशास्त्राचा व नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. पहिल्याचे होकारार्थी उत्तर दिल्याने दुसऱ्याचे उत्तर आपोआप मिळत नाही.

आरोग्यशास्त्राच्या अभ्यासकांनी मात्र याच काळात वेगळी संज्ञा स्वीकारली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार मंडळाने २०१२ मध्ये नेमलेल्या कार्यगटाने लससाशंकतेची व्याख्या केली. लसीकरणाची सेवा उपलब्ध असूनही ती स्वीकारण्यात होणारी दिरंगाई किंवा नकार, असा तिचा आशय असून २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. विश्वासाचा अभाव, रोगाविषयी गाफीलपणा आणि सोयीचा अभाव या तीन घटकांवर तीत भर दिला आहे. २०१९ मध्ये संघटनेने जागतिक आरोग्यापुढील दहा धोक्यांच्या यादीत लससाशंकतेचा समावेश केला. दोन संज्ञांतील फरक उघड आहे. बोलीतील संज्ञा माणसाला नाव देते, तर शास्त्रीय संज्ञा स्थितीला.

५. एका संज्ञेखालील पाच भूमिका

‘अँटी-व्हॅक्सर’ या संज्ञेच्या प्रत्यक्ष वापराचे विश्लेषण केल्यास तिच्याखाली पुढील पाच भूमिका एकत्र आल्याचे दिसते.

अ) तत्त्वतः विरोध : लस ही कल्पनाच घातक, अनैसर्गिक किंवा कटकारस्थानाचा भाग आहे असे मानणारे आणि पुराव्याने मत न बदलणारे. यांपैकी काही जण संघटितपणे प्रचार करतात. मूळ संज्ञा यांच्यासाठी होती.

आ) सक्तीला विरोध : लसीची उपयुक्तता मान्य, परंतु शरीरावरील अधिकार व्यक्तीचा, असे मानणारे. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या उपनगरी रेल्वेतील प्रवासाची मुभा लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांपुरती ठेवण्यात आली. अशा नियमाला आक्षेप घेणारी व्यक्ती स्वतः दोन्ही मात्रा घेतलेलीही असू शकते. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात दिलेल्या निर्णयाचा येथे विशेष उपयोग होतो. कोणासही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे न्यायालयाने राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाच्या आधारे सांगितले. त्याच निर्णयात शासनाचे लसीकरण धोरण अवाजवी नसल्याचेही सांगितले आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवण्याचा निर्देश दिला. लसीचे समर्थन आणि सक्तीवरील मर्यादा ही दोन्ही विधाने एकाच निर्णयपत्रात सुखाने नांदतात.

इ) विशिष्ट लसीची चिकित्सा : सर्व लसींना नव्हे, तर एखाद्या लसीच्या सुरक्षिततेविषयी, परिणामकारकतेविषयी किंवा निवडीविषयी शंका उपस्थित करणारे. १९९९ मध्ये अमेरिकेत अतिसारावरील रोटाशील्ड ही लस अर्भकांत आतड्यात आतडे शिरण्याचा विकार वाढल्याचे आढळल्याने मागे घेण्यात आली. २०१७ च्या अखेरीस डेंग्यूवरील डेंगव्हॅक्सिया या लसीच्या उत्पादकाने, पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना ती दिल्यास पुढे तीव्र आजाराचा धोका वाढू शकतो, असे जाहीर केले. तोपर्यंत फिलिपिन्समध्ये आठ लाखांहून अधिक मुलांना ती टोचण्यात आली होती. अशा प्रसंगी पहिली शंका घेणाऱ्याला लसविरोधक ठरविल्यास विज्ञानाची आत्मपरीक्षणाची वाटच बंद होते.

ई) साशंकता : निर्णय न झालेले, घाबरलेले, ‘थोडे थांबून पाहू’ म्हणणारे पालक. यांचे मत कोणत्याही दिशेने वळू शकते. आरोग्यसेविकेचा मुख्य संवाद याच गटाशी असतो.

उ) वंचितता : ज्यांनी लस नाकारलीच नाही, जिच्यापर्यंत ते पोहोचलेच नाहीत किंवा जी त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरातील सुमारे १ कोटी ४५ लाख बालकांना नियमित लसीकरणातील पहिली मात्राही मिळाली नव्हती. त्यांतील निम्म्याहून अधिक बालके युद्धग्रस्त किंवा अस्थिर अशा ३१ देशांतील होती. त्यांच्या पालकांना लसविरोधक म्हणणे म्हणजे दुष्काळग्रस्ताला उपोषणकर्ता म्हणण्यासारखे आहे.

या पाच गटांवरील उपाय पाच प्रकारचे आहेत. पहिल्यासाठी खोट्या प्रचाराचे खंडन, दुसऱ्यासाठी लोकशाही चर्चा व न्यायिक कसोटी, तिसऱ्यासाठी पारदर्शक संशोधन, चौथ्यासाठी संयमी संवाद आणि पाचव्यासाठी दारापर्यंत सेवा. नाव एक झाले की उपायही एकच सुचू लागतो, आणि तो बहुधा उपहासाचा किंवा दंडाचा असतो. २०२२ च्या उत्तरार्धात मुंबईत गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक होऊन काही बालके दगावली, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. दाट वस्ती, कुटुंबांचे सततचे स्थलांतर, रोजंदारी बुडण्याची अडचण, महासाथीच्या काळात चुकलेल्या मात्रा आणि टोचणीनंतर येणाऱ्या तापाची धास्ती ही अशा वस्त्यांतील कारणे परस्परांत गुंतलेली असतात. त्यांतले कोणते कारण कोणत्या घरात आहे, हे जाणून घेतल्याशिवाय पुढचे बालक वाचत नाही.

६. अविश्वासाचा इतिहास

साशंकतेला अज्ञान हे एकच कारण असते, असे गृहीत धरले जाते. इतिहास तसे सांगत नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि भारतातील लसीकरणाचा प्रारंभ झाला. पुढे प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगप्रतिबंधक लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मात्र १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल या गावी मुंबईहून आलेल्या लसीच्या एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हाफकिन यांना निलंबित करण्यात आले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, असे पुढे दिसून आले आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरील ठपका दूर झाला. लस निर्दोष होती. पण गावाने अनुभवलेले मृत्यूही खरे होते, आणि त्यानंतर त्या परिसरातील एखाद्या माणसाने दंड पुढे केला नसेल तर त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

अलीकडची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. १९९६ मध्ये नायजेरियातील कानो येथे मेंदूज्वराच्या साथीत फायझर या कंपनीने मुलांवर ट्रोव्हन या औषधाची चाचणी घेतली. संमतीच्या प्रश्नावरून ती पुढे वादग्रस्त ठरली. २००३ मध्ये त्याच कानो प्रांताने पोलिओ लसीकरण स्थगित केले, त्यामागील संशयाला ही पार्श्वभूमी होती. २०११ मध्ये पाकिस्तानातील अबोटाबाद येथे ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेने लसीकरण मोहिमेचा बनाव रचला. त्यानंतर तेथील पोलिओ कार्यकर्त्यांवरील संशय अधिक तीव्र झाला. अविश्वास चुकीच्या जागी व्यक्त होतो, हे खरे. पण तो कोठून येतो, हे संज्ञा सांगत नाही. ती चौकशीचे दार लोटून घेते.

उलट बाजूचे उदाहरण भारताचेच आहे. २००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण आढळले होते. जगातील त्या वर्षीच्या एकूण रुग्णांच्या ते निम्म्याच्या जवळपास होते. पश्चिम उत्तर प्रदेशातील काही कुटुंबे डोस नाकारीत होती. वंध्यत्व येते ही अफवा होती, आणि अन्य सेवा मिळत नसताना हीच एक सेवा पुनःपुन्हा दारी का येते, ही रास्त शंकाही होती. कार्यकर्त्यांनी स्थानिक स्त्रियांना मोहिमेत घेतले, मशिदींतील इमामांचे साहाय्य मिळविले, स्वच्छता व नियमित लसीकरणाची जोड दिली. १३ जानेवारी २०११ हा देशातील अखेरच्या नैसर्गिक पोलिओ रुग्णाचा दिनांक ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. नकार देणारी घरे येथे कायमची ‘विरोधक’ मानली गेली असती, तर त्यांच्या दारी पुन्हा जाण्याचे प्रयोजनच उरले नसते.

७. संज्ञा नाकारणाऱ्यांचा प्रश्न

संज्ञेच्या सैल वापरावर आक्षेप घेताना एका धोक्याचे भान ठेवणे आवश्यक आहे. ज्यांना ती यथार्थपणे लागू पडते, तेही ती नाकारतात. आपण लसविरोधी नसून लसींच्या सुरक्षिततेचे, निवडस्वातंत्र्याचे किंवा पालकांच्या हक्कांचे कैवारी आहोत, असे ते सांगतात. लसींवर दीर्घकाळ टीका करणाऱ्या संस्थेचे नेतृत्व केलेल्या रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनियर यांनी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे आपण लसविरोधी नसल्याचे सांगितले. फेब्रुवारीत ते आरोग्यमंत्री झाले आणि जून २०२५ मध्ये त्यांनी लसीकरणविषयक सल्लागार समितीच्या सर्व १७ सदस्यांना पदमुक्त केले.

तेव्हा संज्ञा लावावी की नाही, हे व्यक्तीच्या स्वतःविषयीच्या निवेदनावरून ठरविता येत नाही, तसेच प्रतिपक्षाच्या रोषावरूनही ठरविता येत नाही. संज्ञा सरसकट वापरली जाते तेव्हा खऱ्या प्रचारकाचाच लाभ होतो. साशंक आई आणि संघटित प्रचारक यांना एकच नाव मिळाले, की प्रचारकाला आईच्या आड उभे राहता येते, आणि आईला आपली बाजू घेणारा तोच एक आहे असे वाटू लागते.

८. मराठीसाठी पर्यायी संज्ञा व कसोट्या

मराठीने हा शब्द जसाच्या तसा उचलण्यापूर्वी आपल्या भाषेतील सूक्ष्म भेद वापरणे श्रेयस्कर आहे. वरील पाच भूमिकांसाठी अनुक्रमे ‘लसविरोधक’, ‘सक्तीविरोधक’, ‘लसचिकित्सक’, ‘लससाशंक’ आणि ‘लसवंचित’ या संज्ञा सुचविता येतील. यांपैकी ‘लसविरोधक’ हीच ‘अँटी-व्हॅक्सर’ची समानार्थी मानावी. ‘लसचिकित्सक’ या शब्दातील ‘चिकित्सा’ म्हणजे परीक्षण, उपचार नव्हे, हे अध्यापनात स्पष्ट करावे लागेल. ‘लसद्रोही’ यासारखे भावनोद्दीपक शब्द वर्गीकरणाच्या कामाचे नाहीत.

कोणती संज्ञा योजावी हे ठरविण्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत :

१) आक्षेप सर्व लसींना आहे की एखाद्या लसीला?
२) आक्षेप लसीला आहे की सक्तीला?
३) नवा पुरावा समोर आल्यास मत बदलण्याची तयारी आहे काय?
४) व्यक्ती केवळ स्वतःपुरता निर्णय घेत आहे की असत्य ठरलेली माहिती इतरांत पसरवीत आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ‘सर्व’ आणि ‘लसीला’ अशी असून तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तरच ‘लसविरोधक’ ही संज्ञा यथार्थ ठरते. चौथ्या प्रश्नाने विरोधक आणि प्रचारक यांतील भेद कळतो. महाविद्यालयीन पातळीवर राष्ट्रीय सेवा योजनेची सर्वेक्षणे, प्रकल्पांसाठीच्या प्रश्नावल्या आणि वृत्तपत्रविद्येचे लेखन यांत हे भेद पाळले जाणे अगत्याचे आहे. ‘लस घेतली नाही’ या एकाच रकान्यात पाचही गट भरले गेले, तर त्या आधारे काढलेला कोणताही निष्कर्ष दिशाभूल करणाराच असेल.

९. निष्कर्ष

‘अँटी-व्हॅक्सर’ ही संज्ञा निरुपयोगी नाही. पुरावा नाकारून इतरांच्या मुलांचा जीव धोक्यात घालणाऱ्या संघटित प्रचाराला नाव असलेच पाहिजे. परंतु तिचा उपयोग तिच्या मर्यादेत आहे. सक्तीविरोधकाशी वाद होऊ शकतो, चिकित्सकाला उत्तर देता येते, साशंकाला धीर देता येतो, वंचितापर्यंत जाता येते. या चौघांना एका नावाने हाक मारली, तर यांतले काहीच घडत नाही.

या संदर्भात सोमालियातील अली माओ मालिन याचे उदाहरण उद्बोधक आहे. ऑक्टोबर १९७७ मध्ये नैसर्गिकरीत्या देवी झालेला तो जगातील अखेरचा रुग्ण. तो मर्का येथील रुग्णालयात स्वयंपाकी होता, लस त्याच्या हाताशी होती. पण सुई दुखेल या भीतीने आपण ती टाळली, असे त्याने पुढे सांगितले. तो बरा झाला आणि उत्तरायुष्यात पोलिओ निर्मूलनाच्या मोहिमेत उतरला. लस घेण्यास कचरणाऱ्या पालकांना तो स्वतःची हकिकत सांगत असे. २०१३ मध्ये त्याच कामात असताना त्याचे हिवतापाने निधन झाले. १९७७ च्या नोंदीत ‘लस न घेतलेला’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते वर्णन खरे होते. त्याऐवजी तेथे ‘लसविरोधक’ असे लिहिले असते, तर ते त्या दिवशीही खोटे ठरले असते आणि पुढील छत्तीस वर्षेही.